५३ जणांचं गणित: नाइनर्सचं फायनल रोस्टर ओळखायचा उद्योग (नोंदी)

२९ जुलै २०२३, शनिवार

कॅम्प सुरू झालं या आठवड्यात, म्हणून आज बसून शीट उघडली एकदाची. काम काय तर सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचे सीझनसाठीचे ५३ प्लेअर कोण असतील ते आधीच लिहून ठेवायचं. डेडलाइन २९ ऑगस्ट, इथल्या, कॅलिफोर्नियाच्या वेळेने दुपारी १, म्हणजे पुण्यात तेव्हा बुधवार लागून रात्रीचे दीड. पुणं कशाला तर मामेभाऊ तिकडे आहे, स्क्रिप्ट त्याची, डोकं खाणं माझं. त्याला फुटबॉल शून्य माहिती, आणि तेच बरंय, कारण त्याला कुणाचंच प्रेम नाही.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) सीझनआधीच्या सराव कॅम्पला प्रत्येक टीमकडे ९० जण असतात. सीझन सुरू व्हायच्या आधी ५३ ठेवायचे. गेल्या वर्षीपर्यंत हे टप्प्याटप्प्याने व्हायचं, आधी ८५, मग ८०, मग ५३. यंदा ते टप्पे काढून टाकलेत, ९० वरून डायरेक्ट ५३. म्हणजे ३२ टीम गुणिले ३७, एका दुपारी हजाराच्या वर पोरं घरी. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की मधले कट बघून मिळायचे ते इशारे यंदा नाहीत, शेवटपर्यंत अंधारात.

टीम हीच का, तर मी सनीव्हेलला राहतो आणि सँटा क्लाराचं लीव्हाइज स्टेडियम ऑफिसच्या रस्त्यावर आहे, मॅचच्या दिवशी ट्रॅफिक माझ्याच नशिबी येतो तर निदान टीम तरी माझी असू दे. शिवाय पराग मराठे. २००१ पासून या क्लबमध्ये आहे, कॉन्ट्रॅक्ट आणि सॅलरी कॅपचा (टीमच्या एकूण पगारांवरची मर्यादा) माणूस, आता या महिन्यात नाइनर्सच्या कंपनीने लीड्स युनायटेड घेतल्यावर तिकडचा चेअरमन पण झाला. यूएसए क्रिकेटचाही चेअरमन होता काही वर्षं. मामेभावाला नाव सांगितलं तर म्हणे दादा, मग तुला आतली बातमी मिळेल. हो, मराठे आडनावावर मिळत असती तर मी स्वतः टीमचा जीएम (जनरल मॅनेजर) झालो असतो.

३० जुलै, रविवार

पहिली यादी. नुसतं कागदावर ज्यांचं नाव पक्कं आहे ते बाजूला काढले. ट्रेंट विल्यम्स, किटल, मॅकॅफ्री, डीबो, आयुक, वॉर्नर, ग्रीनलॉ, आर्मस्टेड, वॉर्ड, हुफांगा, नवीन आलेला हारग्रेव्ह (४ वर्षं, ८.४ कोटी डॉलर, याला कोण काढणार). असं करत करत चाळिशी पार होते, आणि ती यादी बे एरियातला कुठलाही फॅन दहा मिनिटांत लिहील. म्हणून आत्ताच ठरवून टाकलं की ५३ पैकी ४८ बरोबर आले वगैरे फुशारकी मारायची नाही. बरोबर येण्याला किंमत फक्त बबलवरच्या पोरांमध्ये, म्हणजे शेवटच्या दहा-बारा जागा आणि त्यासाठी भांडणारे पंचवीस-तीस जण. मार्क फक्त तेवढ्यांवर, आणि तेही टक्केवारीने: कुणाला ९०% दिले आणि तो कट झाला तर जोरात फटका, ५५% दिले आणि कट झाला तर हलका.

निक बोसा. गेल्या सीझनचा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर, १८.५ सॅक (बॉल फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडणं), आणि कॉन्ट्रॅक्टसाठी रुसून कॅम्पला आलेलाच नाही. तो 'रिपोर्ट केलं नाही' अशा वेगळ्या लिस्टवर आहे आणि त्या लिस्टवरचा माणूस ना ९० मध्ये मोजतात ना ५३ मध्ये. शीटमध्ये त्याला काय करायचं? तूर्त वेगळी ओळ, पिवळा रंग.

२ ऑगस्ट

मामेभावाचा मेसेज पहाटे: "दादा, तुझ्या कॉलमची बेरीज ५३ च्या वर जातेय."

हे खरं तर पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, पण सापडलं ते चांगलं झालं, कारण याच्यातच सगळी मेख आहे. प्रत्येक प्लेअरला तो टिकायची शक्यता दिली, ०.९, ०.६, ०.३, तर त्या सगळ्यांची बेरीज ५३ च यायला पाहिजे, कारण शेवटी ५३ च टिकणार आहेत. एकेकाचा विचार करताना आपण सगळ्यांवरच मेहेरबान असतो. कॅम्प रिपोर्ट वाचून तर जास्तच, कारण ऑगस्टमध्ये कुठलाच रिपोर्टर असं लिहीत नाही की अमुक पोरगा साधारण आहे. प्रत्येकजण चमकतोच.

नुसतं सगळ्यांना एकाच प्रमाणात खाली ओढलं तर वॉर्नर पण ९२% वर येतो, जे हास्यास्पद आहे. मग त्याने सुचवलं की आधी माणसं नको, जागा वाटू. क्वार्टरबॅक (क्यूबी, बॉल फेकणारा) २ का ३, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) ३ का ४, टाइट एंड (ब्लॉक करणारा आणि बॉलही पकडणारा) ३ का ४, ओ-लाइन (ऑफेन्सची पुढची, अडवणारी फळी) ८, ९ का १०, असे पर्याय घ्यायचे, बेरीज ५३ येते तेवढीच कॉम्बिनेशन ठेवायची, आणि मग प्रत्येक जागेत क्रमाने माणसं भरायची. स्क्रिप्टने हे हजारो वेळा फिरवायचं आणि कोण किती वेळा आत आला ते मोजायचं. आता बेरीज आपोआप ५३. आणि मुख्य म्हणजे आता दिसायला लागलं की कोण कुणाच्या मुळावर येतंय. तिसरा क्वार्टरबॅक ठेवला तर सहाव्या लाइनबॅकरची (डिफेन्सच्या मधल्या फळीतला) शक्यता धाडकन पडते. त्या दोघांचा आयुष्यात एकमेकांशी संबंध नाही, एक मीटिंग रूम नाही, पण जागा एकच.

५ ऑगस्ट

तिसऱ्या क्यूबीवर थोडं सविस्तर, कारण यंदा नियमच बदललाय आणि तो बदलायला कारण हीच टीम.

२९ जानेवारी, फिलाडेल्फिया, एनएफसी कॉन्फरन्सची फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीची मॅच. ब्रॉक पर्डीच्या कोपराचं लिगामेंट गेलं, त्याच्या जागी जॉश जॉन्सन आला, त्याला कन्कशन झालं, मग पर्डीलाच परत आत पाठवला, हात वर होत नव्हता बिचाऱ्याचा, नुसता बॉल घ्यायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा. ३१-७. ती मॅच मी टीव्हीवर बघितली आणि अजून कुणी विषय काढला की चिडचिड होते. तर मे महिन्यात मालक लोकांनी नियम केला: मॅचच्या दिवशी एक तिसरा इमर्जन्सी क्यूबी ठेवता येईल, तो खेळणाऱ्या ४८ मध्ये मोजणार नाही, पहिले दोघं दुखापतीने बाहेर गेले तरच तो आत येणार. पण यंदाची अट अशी की तो तुमच्या ५३ मध्येच असला पाहिजे, प्रॅक्टिस स्क्वॉडवरचा (सरावापुरते ठेवलेले राखीव) चालणार नाही.

म्हणजे मॅचच्या दिवशी फुकट, पण रोस्टरवर पूर्ण किमतीला. बऱ्याच टीम म्हणतील नको बुवा, त्या जागी स्पेशल टीम्सचा (किकच्या वेळी उतरणारी तुकडी) माणूस बरा. पण जिचे हात पोळलेत ती टीम तीन ठेवणार, असा माझा अंदाज. ७५% टाकले. मामेभाऊ म्हणतो हे भावनेचं राजकारण आहे, डेटा कुठाय. डेटा कुठून आणू, नियम आत्ता आलाय!

बरं तीन ठेवले तरी कोणते तीन? पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला (दरवर्षी टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात ते) शेवटचा, २६२ वा. ट्रे लान्स २०२१ चा तिसरा. सॅम डार्नोल्ड २०१८ चा तिसरा. आणि चौथा ब्रँडन अॅलन. दोन तिसऱ्या नंबरचे बॅकअपसाठी भांडतायत आणि शेवटच्या नंबरचा आरामात स्टार्टर. लान्ससाठी या टीमने मायामीला तीन पहिल्या राउंडचे पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) दिले होते, त्याचं कॉन्ट्रॅक्ट साधारण ३.४ कोटी डॉलरचं, सगळं गॅरंटीड. त्यामुळे कट करायचा प्रश्न नाही, ठेवतील नाहीतर विकतील. 'ट्रेड' असा कॉलम वाढवला, त्याच्यासाठी १५%.

८ ऑगस्ट

स्पेशल टीम्स. याच्यावर कोणी लिहीत नाही आणि शेवटच्या पाच-सहा जागा इथेच ठरतात.

चौथा-पाचवा लाइनबॅकर, चौथा सेफ्टी (डिफेन्सचा सगळ्यात मागचा), तिसरा-चौथा रनिंग बॅक, यांना डिफेन्स किंवा ऑफेन्समध्ये आठवड्याला पाचसुद्धा स्नॅप (एकेक डाव) मिळत नाहीत. मग त्यांना ठेवतात कशाला? किकऑफला जीव तोडून पळायला, पंटच्या (बॉल लांब मारून समोरच्याला द्यायच्या) वेळी ब्लॉक करायला. क्रिकेटमध्ये पंधराव्या जागेला नुसता चांगला बॅट्समन नेत नाहीत, थोडी बॉलिंग टाकणारा, स्लिपला उभा राहणारा नेतात, तसंच. जॉर्ज ओडमचं उदाहरण घ्या, सेफ्टी म्हणून तो पहिल्या दोघांत नाही, पण २०२० ला कोल्ट्सकडून स्पेशल टीम्ससाठी ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तमांच्या यादीत) झालेला माणूस आहे, त्याला हात लावणार नाहीत. ओरेन बर्क्स, फ्लॅनिगन-फाउल्स हे पण त्याच पंगतीतले.

म्हणून गेल्या वर्षीचे स्पेशल टीम्सचे स्नॅप शीटमध्ये घातले. लगेच जॉर्डन मेसन वर आला. हा २०२२ ला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता, अनड्राफ्टेड येऊन टीममध्ये बसला. रनिंग बॅकमध्ये मॅकॅफ्री, इलायजा मिचेल (पोरगा भारी, पण दुखापत पाचवीला पुजलेली), मेसन आणि टायरियन डेव्हिस-प्राइस. शेवटचा गेल्या वर्षी तिसऱ्या राउंडमध्ये घेतलेला, आणि खेळलाय अगदीच किरकोळ. फुटबॉल बघून सांगायचं तर तीनच ठेवा. पण तिसऱ्या राउंडचं पोर दुसऱ्याच वर्षी सोडलं तर जीएमला स्वतःच्याच सहीवर काट मारावी लागते, आणि ते कुठल्याच ऑफिसमध्ये सहजासहजी होत नाही. 'कितव्या राउंडचा' या कॉलमला वजन वाढवलं: पहिलं-दुसरं वर्ष असेल तर जास्त, तिसऱ्या वर्षापासून झपाट्याने कमी.

१३ ऑगस्ट, रविवार

लास व्हेगसला रेडर्सकडून ३४-७. स्कोअरला काही अर्थ नाही, प्रीसीझन आहे, मोठी नावं खेळलीच नाहीत.

बघायचं काय असतं तर कोण कितव्या क्रमाने आत येतंय. लान्सने सुरुवात केली, डार्नोल्ड नंतर. मोठा गाजावाजा चाललाय की बघा लान्सला पहिलं आणलं. मला वाटतं याला फार अर्थ लावू नये, पुढच्या मॅचला उलट करतील.

जेक मूडी. मिशिगनचा किकर, तिसऱ्या राउंडमध्ये ९९ वा, या टीमकडे यंदा पहिल्या दोन राउंडचे पिकच नव्हते आणि तिसऱ्यात घेतला कोण तर किकर. त्याने आज दोन फील्ड गोल चुकवले. इथे सगळे लगेच गेल्या सीझनचा किकर रॉबी गूल्डच्या नावाने उसासे टाकायला लागले. शीटमध्ये मूडी ९९% च. वर काय लिहिलंय ते वाचा, तिसरा राउंड, पहिलं वर्ष. झेन गोन्झालेझ कॅम्पला आहे तो स्पर्धेसाठी कमी आणि मूडीचा पाय वाचवायला जास्त.

कॅमेरॉन लाटू, टाइट एंड, हाही यंदाचाच तिसऱ्या राउंडचा. हातातून बॉल सुटतायत अशा बातम्या कॅम्पमधून येतच होत्या. किटल, वोर्नर (लाइनबॅकर वॉर्नर वेगळा), ड्वेली, आणि सातव्या राउंडचा ब्रेडन विलिस, पाचवा लाटू. पाच टाइट एंड कुणी ठेवत नाही. आता राउंडचं वजन म्हणतं लाटू, डोळे म्हणतात विलिस.

१९ ऑगस्ट, शनिवार

आज स्टेडियमला जाऊन आलो. ब्रॉन्कोज. समोर माइक मॅग्लिंची, जो मार्चपर्यंत आपला राइट टॅकल (ओ-लाइनच्या उजव्या टोकाचा) होता, डेन्वरने ८.७५ कोटी डॉलर दिले म्हणून गेला, त्याच्या जागी आता कोल्टन मॅकिव्हिट्झ.

माझं काम चौथ्या क्वार्टरमध्ये सुरू होतं, जेव्हा शेजारचे लोक पार्किंगकडे निघतात. कॅम्पला ९० जण असल्यामुळे एकच नंबर दोघांना दिलेला असतो, एक ऑफेन्सचा एक डिफेन्सचा, आणि किकऑफला दोन्हीकडचे मिसळून उभे राहतात. म्हणजे जर्सीवरचं आडनाव दिसेपर्यंत कळत नाही की पळाला तो कोण. दुर्बीण नेली होती, मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलं स्काउट आहेस का, म्हटलं नाही हो, आमची एक शीट आहे. त्यांनी शहाण्यासारखा विषय सोडला.

तर किकऑफ कव्हरेज. बाहेरून पहिला किंवा दुसरा पळणारा हा महत्त्वाचा, तिथे कोचचा भरवसा लागतो. डी विंटर्स, सहाव्या राउंडचा लाइनबॅकर, सतत दिसला, आणि सरळ रेषेत पळतो, ब्लॉकरला चुकवायला वळसा घालत नाही. त्याला ५५ वरून ८० केला. रॉनी बेल, रिसिव्हर (पळत जाऊन बॉल पकडणारा), सातवा राउंड, हाही मिशिगनचा. बॉल पकडल्यावर जे करतो ते बघून बरं वाटतं. रे-रे मॅक्लाउडचं मनगट आणि डॅनी ग्रेचा खांदा दुखावलाय म्हटल्यावर बेलसाठी दार उघडंच आहे. ७०.

पर्डी थोडा खेळला, ठीक. मग डार्नोल्ड आणि लान्स सगळ्यात शेवटी, आणि शेवटच्या ड्राइव्हमध्ये त्याने टीमला पुढे नेलं आणि मूडीने वेळ संपता संपता किक मारून २१-२० जिंकून दिलं. लोकांनी मूडीला डोक्यावर घेतलं. सहा दिवसांपूर्वी हेच लोक गूल्ड गूल्ड करत होते.

पण घरी येताना डोक्यात लान्सचाच क्रम. तिसऱ्या नंबरवर आत आला. १५% ट्रेडचे ३० केले.

२३ ऑगस्ट, बुधवार

हेड कोच शनहॅनने जाहीर केलं, बॅकअप डार्नोल्ड. लान्स तिसरा. ऑफिसमध्ये दिवसभर हीच चर्चा, कोडवर कुणाचं लक्ष नव्हतं.

शीटमध्ये मजा झाली. लान्स तिसरा म्हणून राहिला तर अॅलन गेला. लान्स गेला तर अॅलन राहण्याची शक्यता उसळी मारून वर. दोघं मिळून एकच जागा. मामेभावाने त्या दोघांना स्क्रिप्टमध्ये बांधून टाकलं, एकावेळी एकच. ट्रेडला आता ६०%, कारण तिसऱ्या नंबरच्या पोराला नुसतं बसवून कुणाचंच भलं नाही, त्याचं पण नाही.

२६ ऑगस्ट

काल गेला. डॅलस काउबॉईज, चौथ्या राउंडचा पिक, २०२४ चा. तीन पहिल्या राउंडचे देऊन आणलेला, चार मॅच स्टार्ट केल्या, त्यातल्या शेवटच्या मॅचमध्ये गेल्या सप्टेंबरला घोटा मोडला. या सौद्याचा हिशोब इतका उघडा आहे की त्यावर टिप्पणी करायलाही कंटाळा येतो. एवढंच म्हणेन की पर्डी त्याच काळात फुकटात हाताला लागला नसता तर आज जीएम जॉन लिंचची मुलाखत वेगळ्या मूडमध्ये झाली असती.

आणि चार्जर्सच्या मॅचच्या आसपास दुसरीच आफत. मूडीच्या मांडीचा स्नायू दुखावलाय आणि गोन्झालेझची पोटरी. दोन किकर, दोन्ही जखमी! मामेभावाने विचारलं आता किकर शून्य धरू का. नाही रे बाबा.

पण यातून आयआरचा (इन्जर्ड रिझर्व्ह, जखमींची वेगळी यादी) नियम सांगायची संधी मिळाली, जो माझ्या मते या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे. २०२३ च्या नियमाने जखमी प्लेअरला मंगळवारच्या डेडलाइनच्या आधी इन्जर्ड रिझर्व्हवर टाकलं तर तो अख्ख्या सीझनसाठी या टीमकडून खेळू शकत नाही. तोच माणूस मंगळवारी ५३ मध्ये ठेवला आणि बुधवारी आयआरवर टाकला तर चार मॅचनंतर परत येऊ शकतो. म्हणून टीम काय करतात, ज्याची पुढे गरज आहे असा जखमी माणूस मंगळवारपुरता यादीत ठेवतात आणि त्याच्यासाठी एखाद्या धडधाकट सीनियरला सोडतात. सीनियरच का? कारण ज्याचे चार सीझन पूर्ण झालेत त्याला सोडलं तर तो वेव्हरवर (सोडलेल्यांची यादी, जिच्यातून दुसऱ्या टीम उचलतात) जात नाही, सरळ फ्री एजंट होतो, कुणी त्याला मध्येच उचलून नेऊ शकत नाही, आणि त्याला आधीच कानात सांगितलेलं असतं की बाबा रे, एक रात्र घरी झोप, परवा ये. नवीन पोराला सोडलं तर बाकीच्या ३१ टीम बुधवारी सकाळी त्याच्यावर हक्क सांगू शकतात.

म्हणजे मंगळवारी दुपारी जी यादी येते ती उत्तम ५३ जणांची नसतेच मुळी. ती त्या चोवीस तासांत कोण चोरीला जाऊ शकतो आणि कोण नाही याचा हिशोब असते. लोक मग चिडतात की अमक्या अनुभवी माणसाला कसं काढलं, तो गुरुवारी परत प्रॅक्टिसला हजर.

म्हणून शीटमध्ये आता दोन कॉलम: 'चार सीझन झालेत का' आणि 'जखमी, पण परत हवाय का'.

२८ ऑगस्ट, सोमवार, रात्र

कुलूप. यानंतर बदल नाही, मामेभावाने फाइल घेऊन ठेवली.

वाटणी अशी: क्यूबी ३, रनिंग बॅक ४ आणि वर फुलबॅक युझ्चेक, रिसिव्हर ६, टाइट एंड ४, ओ-लाइन ९, डी-लाइन (डिफेन्सची पुढची फळी) ९, लाइनबॅकर ५, कॉर्नर-सेफ्टी मिळून ९, आणि किकर, पंटर, लाँग स्नॅपर (किकसाठी बॉल मागे फेकणारा). ओ-लाइनला ९ च्या खाली गेलो नाही कारण मॅचला ४८ जण उतरवायचे तर त्यातले आठ ओ-लाइनचे लागतात, नाहीतर एक माणूस कमी. एखाद्याचा गुडघा मुरगळला की आठचे सात व्हायला वेळ लागत नाही.

पाचव्या राउंडचा कॉर्नर डॅरेल लूटर पीयूपी लिस्टवर (अजून खेळायला फिट नसलेल्यांची) जाईल असं धरलंय, म्हणजे पहिल्या चार मॅच बाहेर आणि ५३ मध्ये मोजणी नाही. बोसा अजून पिवळ्या ओळीतच. मूडी आत, जखमी असला तरी. चार रनिंग बॅकवर मामेभावाने शेवटपर्यंत हुज्जत घातली, त्याच्या मते आकडे तीन म्हणतात. पण वजन मी ठरवलेलं आहे, त्यामुळे चार.

एक शंका अजून खातेय, लाटू. शीट ४८% म्हणतेय. म्हणजे शीटला पण माहिती नाही.

२९ ऑगस्ट, मंगळवार

१ वाजता मीटिंग होती, कॅमेरा बंद ठेवला.

क्यूबी तीन: पर्डी, डार्नोल्ड, अॅलन. रनिंग बॅक चार, डेव्हिस-प्राइससकट. बेल आत, विंटर्स आत, मूडी आत. लूटर पीयूपीवर. पुण्यातून रात्री पावणेदोनला मेसेज, "चार कसे काय???" तीन प्रश्नचिन्हं. उत्तर दिलं की झोप आता.

खालच्या ओळींमध्ये हिट-मिस दोन्ही आहेत, सविस्तर परवा, कारण आत्ताची यादी कच्चीच आहे.

३१ ऑगस्ट, गुरुवार

अपेक्षेप्रमाणे दोन दिवसांत यादी हलली. ग्रे आयआरवर, डी-लाइनचा पाचव्या राउंडचा रॉबर्ट बील आयआरवर. लाटू गुडघ्यामुळे आयआरवर, म्हणजे विलिस का लाटू हे भांडण सुटलंच नाही, एकजण दवाखान्यात गेल्यामुळे मिटलं. गोन्झालेझ पण आयआरवर. प्रॅक्टिस स्क्वॉडच्या १६ जागा भरताना ओळखीचीच नावं परत आली, ज्यांना मंगळवारी निरोप दिला तीच.

वेव्हरवरून दुसऱ्यांची पोरं उचलण्यात ही टीम यंदा मागे राहणार हे ठरलेलंच होतं, कारण तिथे रांग गेल्या सीझनच्या उलट्या क्रमाने लागते आणि कॉन्फरन्स फायनलला गेलेल्याचा नंबर जवळजवळ शेवटी.

मार्क काढताना प्रश्न आला की मोजायचं कुठलं, मंगळवारचं का गुरुवारचं? मामेभाऊ म्हणतो आपण मंगळवार म्हटलं होतं तर मंगळवारच. बरोबर आहे त्याचं. पण मग आपण टीम ओळखत नव्हतो, एका दुपारची कागदी चाल ओळखत होतो, आणि गंमत म्हणजे शीटला जिथे जास्त मार्क पडले ते सगळे त्या कागदी चालीच्या कॉलममुळे, राउंड, चार सीझन, दुखापत. दुर्बिणीने बघितलेल्या गोष्टींमुळे फक्त विंटर्स आणि बेल. बाकी कॅम्पच्या बातम्या वाचून मी ज्यांना ज्यांना वर-खाली केलं, ते तसेच सोडले असते तरी निकाल जवळपास हाच आला असता. महिनाभर रोज सकाळी चहाबरोबर त्या बातम्या वाचल्या, त्याचं वाईट वाटत नाही, वाचायला मजा येते. पण शीटमध्ये त्यांचं वजन पुढच्या वर्षी अर्धं.

६ सप्टेंबर, बुधवार

बोसाची सही. पाच वर्षं, १७ कोटी डॉलर, त्यात १२.२५ कोटी गॅरंटीड, क्यूबी सोडून कुणालाच एवढे मिळाले नव्हते आत्तापर्यंत. रविवारी पिट्सबर्गला मॅच आणि आज सही, मराठे आणि कंपनीने शेवटच्या घटकेपर्यंत ताणलं. कॅपचं गणित या टीममध्ये कसं जुळवतात त्याची वेगळी शीट होईल, आत्ता नको.

आपल्या शीटच्या दृष्टीने पिवळी ओळ हिरवी झाली, आणि ५३ मध्ये एक माणूस जास्त. कुणीतरी खाली उतरणार. मामेभावाने विचारलं हे ओळखायला मार्क आहेत का. नाहीत, पण तरी दोघांनी एकेक नाव लिहून एकमेकांना पाठवलं.

११ सप्टेंबर

काल पिट्सबर्गला ३०-७. मूडी खेळला, ज्या किक मारायच्या होत्या त्या मारल्या, बोसा पण उतरला.

२०२४ साठी फाइलची कॉपी केली. राउंडचं वजन तसंच, कॅम्प बातम्या अर्ध्यावर, गुरुवारची यादी वेगळी ओळखायची आणि तिला वेगळे मार्क. मामेभावाला यंदाच्या बाकी ३१ टीमच्या मंगळवार-गुरुवार याद्या गोळा करायच्या आहेत, म्हणजे कुठला कोच सीनियरला एका रात्रीसाठी घरी पाठवतो आणि कुठला पाठवत नाही ते कळेल. दिवाळीच्या सुट्टीत बसतो म्हणाला. त्याला म्हटलं आधी टचडाउनला किती पॉइंट असतात ते सांग. "सात?" म्हणाला.